झाकणाच्या आतला नंबर

काका फोनवर बोलायला लागले की नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस साबण कानाला लावून बसलाय. गिऱ्हाइकाचं फारसं चुकत नसे. काकांचा फोन साबणाच्या डबीत राहायचा. प्रवासाला नेतात तसली निळी प्लॅस्टिकची डबी, ऐकण्यासाठी वर तीन भोकं, बोलण्यासाठी खाली दोन, आणि ती उघडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर. आत बटणांचा साधा फोन. कोणाला फोन लावायचा तर आधी रबर काढायचं, झाकण उघडायचं, नंबर दाबायचा, झाकण लावायचं, रबर चढवायचं आणि मग डबी कानाशी न्यायची. एवढं होईपर्यंत पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून फोन ठेवायच्या बेताला आलेला असायचा.

या माणसावर मी चार वर्षं जळलो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं बोललो तर त्यातलं काय उचलायचं आणि काय सोडायचं ते वाचणाऱ्याला ठरवता येईल.

बोईसरला स्टेशनकडून कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मोबाइलचं दुकान होतं. आमचं म्हणजे शेठचं. काउंटरवर मी आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दुरुस्तीला काका. मी नवापूरचा, घरी मासेमारी, पण मला लहानपणापासून ओल्या, चिकट, वास मारणाऱ्या सगळ्याच गोष्टींचा कंटाळा. दुकानातला एसी, काचेच्या कपाटातले दिवे, त्याखाली मांडलेले फोन, हे सगळं मला मनापासून आवडायचं. एखादा नवा फोन खोक्यातून काढून त्याच्यावरची पातळ पट्टी सोलताना मला अजूनही बरं वाटतं. कुठल्या फोनची काच कडेला वळलेली आहे, कुठला किती ग्रॅमचा, कुठल्याचा रंग उन्हात बदलतो, हे मला तोंडपाठ. शर्टला इस्त्री, केसांना जेल, कानात बिनवायरचे इअरफोन. मी बोलायला लागलो की गिऱ्हाईक ऐकत राहायचं.

ऐकून झालं की ते मान वळवायचं आणि कोपऱ्यात बघून विचारायचं, "भाऊ, तुमी सांगा. घेऊ का?"

हे रोज व्हायचं. कारखान्यातले परप्रांतीय कामगार यायचे, तेही माझ्याकडून अर्धा तास माहिती घेऊन फोन काकांसमोर धरायचे, "चाचा, ये देखो ना." मग काका डोळ्याला लावलेली भिंगाची नळी काढायचे, हातातली सोल्डरची सुई स्टँडवर ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचे, "काम काय करतोस?"

फोन घ्यायला आलेल्याला त्याचा धंदा विचारणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. धंदा कळला की परीक्षा सुरू. काकांच्या टेबलावर पाण्याचा मग असायचा. त्यात हात बुडवायला लावायचे आणि म्हणायचे, आता फोन उचलून दाखव. मग फोन पँटच्या मागच्या खिशात घालून उकिडवं बसायला लावायचे. मोटरसायकलवाला असेल तर हेल्मेट घालून बोलायला लावायचे. शेवटी दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात नेऊन काचेवर काही दिसतंय का ते विचारायचे. भर दुपारी आमच्या चकचकीत दुकानात तीन माणसं ओल्या हातांनी उकिडवी बसलेली मी पाहिली आहेत. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, इथं फुकट कसली तरी तपासणी चालू आहे.

"हातात कसा दिसतो ते मागाहून," काका म्हणायचे. "हातातून पडतो कसा ते आधी बघ."

फोनांच्या त्यांनी दोनच जाती केल्या होत्या. माझ्या काचेच्या कपाटात असायचे ते सगळे नवरदेव, आणि खालच्या खणातले जाडेभरडे ते गडी. "हा नवरदेव हाय," गिऱ्हाइकाच्या हातातला माझा लाडका फोन फिरवत ते म्हणायचे, "एक दिस मिरवायला बरा. दुसऱ्या दिशी कामाला कोण जाईल?" गिऱ्हाईक हसायचं, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि फोन पुन्हा खोक्यात जायचा. शेठही काही म्हणायचे नाहीत. काकांनी सांगितलेला फोन परत भांडायला येत नाही, हे त्यांना कळत होतं.

मला सगळ्यात लागायचं ते आमच्याच गावच्या बायकांचं. नवापूरच्या मासळी विकणाऱ्या बायका बाजार आटोपून दुकानात यायच्या. त्यांच्या फोनांत खवलं, मिठाचं पाणी, बर्फाचं पाणी काय काय गेलेलं असायचं. काका ते उघडायचे, ब्रशने साफ करायचे आणि पुन्हा बिघडू नये म्हणून साबणाच्या डबीत बसवून द्यायचे. मग सुई तापवून झाकणाच्या आतल्या बाजूला काहीतरी कोरायचे. बायका खूश होऊन त्यांच्या टेबलावर कागदात बांधलेले सुके बोंबील ठेवून जायच्या, कधी करंदी, एकदा तर अख्खा घोळ मासा. काका पलीकडच्या वाणगावचे, वाडीतले माणूस, समुद्राशी त्यांचा काही संबंध नाही. मी त्या बायकांच्या गल्लीतला, त्यांच्या मांडीवर वाढलेला. मला कधी कोणी एक बोंबील दिला नाही.

एकदा मी जेवायला गेलो असताना माझे इअरफोन काउंटरवर राहिले. परत येऊन बघतो तर काकांनी ते दोन्ही मासेमारीच्या तंगुसाच्या दोऱ्याने एकमेकांना बांधून ठेवलेले. "मानेमागून घे," ते म्हणाले, "पडायचे नाय." बिनवायरचे इअरफोन मी कशासाठी घेतले होते हे त्यांना कसं सांगणार? मी त्यांच्यासमोरच दोरा कापला. आठ दिवसांनी स्टेशनजवळ वाकलो आणि उजव्या कानातला गटारात गेला. दुसऱ्या दिवशी मी एकाच कानात घालून दुकानात आलो. काकांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला निदान भांडता तरी आलं असतं.

एकदाच मी त्यांना हरवलं. औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला असणारी एक मुलगी होती. वर्षभर कपाटातला गुलाबी फोन बघून जायची. शेवटी घ्यायला आली तेव्हा काकांनी तिलाही मगात हात बुडवायला लावलं. फोन तिच्या हातातून सटकला, तिने तो पोटाशी अडवला आणि म्हणाली, "निसटतो हाय ना? मग मी नीट धरीन." काकांनी पाणी बाजूला सारलं. मग म्हणाले, "हिला पायजे काय ते हिला ठाऊक हाय. दे तिला." मी विजयी चेहऱ्याने बिल केलं. पण ती जायच्या आत काकांनी गुलाबी कापडाची दोरीवाली पिशवी शिवून तिच्या गळ्यात अडकवली, आणि दारातून मागे वळून ती थँक्यू म्हणाली ते त्यांना.

आता बाबांची गोष्ट सांगायला हवी, कारण खरी जळजळ तिथे होती.

माझे बाबा छोट्या होडीवर जातात. मी मासेमारीत आलो नाही याचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मी काय करतो हेही कधी विचारलं नाही. दुकानात लागून तीन वर्षं झाली तेव्हा मी त्यांच्यासाठी कपाटातला सगळ्यात पातळ फोन घेतला. गडद निळा, पाठीमागेही काच. बाबांना लिहितावाचता येत नाही, आकडे तेवढे ओळखतात. म्हणून मी त्यात सगळ्यांचे फोटो टाकून दिले. माझ्या फोटोवर बोट ठेवलं की मला फोन, आईच्या फोटोवर ठेवलं की आईला. बाबांनी फोन दोन्ही तळहातांवर घेतला, प्रसाद घेतात तसा. "हलका हाय," एवढंच म्हणाले. मला तेवढं पुष्कळ झालं. पुढचे काही दिवस मी काकांकडे जरा वरूनच बघत होतो.

पुढे दोनेक महिन्यांनी एडवणला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. मांडवात गर्दी, बाबा कुठे बसलेत दिसेना, म्हणून मी त्यांना फोन लावला. तेवढ्यात ते दिसलेच. पुढच्या रांगेत, पांढरा शर्ट, आणि वरच्या खिशातून तो निळा फोन अर्धा बाहेर चमकत होता. माझा ऊर भरून आला. माझ्या कानात रिंग जात होती, पण बाबांच्या खिशातला फोन काही वाजत नव्हता. वाजत होती ती त्यांच्या पायाशी ठेवलेली पिशवी. बाबा गडबडीने वाकले, पिशवीत हात घातला आणि बाहेर काढली साबणाची डबी. हिरवी. ती कानाला लावून ते म्हणाले, "हां, बोल."

मी त्यांच्या समोर उभा होतो.

मग सगळं कळलं. फोन घेऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच होडीतून उतरताना तो पाण्यात पडला. बाबांनी लगेच काढून आईकडे दिला. ओली चीज टिकवायची म्हटली की आमच्या घरात एकच उपाय. आईने तो मिठात घातला. बोंबील खारवायच्या बरणीत, खाली मीठ, वर मीठ, तीन दिवस. "भिजलेलं मिठात घातल्यावर राहतं ना?" आई मला मांडवाच्या मागे नेऊन विचारत होती. "मासळी राहते, मग हा का नाय राहिला?" मला हसावं की रडावं कळेना. मिठाने आतलं सगळं खाऊन टाकलं होतं. बाबा तो फोन घेऊन बोईसरला गेले होते, मुद्दाम माझ्या सुट्टीच्या दिवशी. काकांनी खूप खटपट केली, तो जगला नाही. मग काकांनी कार्ड काढून बटणांच्या फोनात घातलं आणि फोन डबीत बसवून दिला. मेलेला निळा फोन बाबांनी परत मागून घेतला होता. लग्नाकार्यात खिशात ठेवायला.

"पोराने दिलाय," बाबा म्हणाले. "लोकांना दिसायला नको?"

दुसरा कोणी मुलगा असता तर हे ऐकून विरघळला असता. मला एकच दिसत होतं, की माझा बाप माझ्यापासून लपवून त्या माणसाकडे गेला, आणि तो माणूस दीड महिना माझ्यापासून दहा फुटांवर बसून एक शब्द बोलला नाही. मी बाबांना म्हणालो, "ही डबी पुन्हा माझ्या डोळ्यांना दिसता कामा नये." बाबांनी मान डोलावली आणि डबी पिशवीच्या तळाशी घातली. त्यानंतर खरंच मला ती घरात कधी दिसली नाही. मी आलो की ते उचलून कुठेतरी ठेवत असावेत.

दिवाळी होऊन गेल्यावरचा दिवस. दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील, दुकानात तिघं-चौघं गिऱ्हाईक. काकांची निळी डबी वाजली. त्यांनी ती कानाला लावली, हां हां केलं आणि मग त्यांचा आवाज बदलला. "किनारा दिसतो?" ते विचारत होते. "कारखान्यांच्या चिमण्या दिसतात? कुठल्या हाताला? ... डाव्या. तोंड कुठं हाय होडीचं? ... बरं. तिघंच हाव ना? पाणी हाय प्यायला?" बिलाच्या पाठीवर ते भराभर लिहीत होते. मग उठले, माझ्याजवळ आले आणि डबी माझ्या कानाला टेकवली.

"तुझा बापूस हाय," ते म्हणाले.

पलीकडून वारा ऐकू येत होता. बाबा म्हणाले, "काय नाय, मशीन बंद पडलीय जरा. वारा भायेर ओढतो. आईला नको सांगू." काकांनी डबी काढून घेतली आणि तो कागद माझ्यासमोर ठेवला. "तुझ्या फोनात गावचे सगळे हायेत ना? लाव," ते म्हणाले. "माझ्यात तीनच नंबर हायेत." खरंच, माझ्या पातळ फोनात सगळं गाव होतं. मी ग्रुपवर टाकलं, चार जणांना फोन केले, कागदावरचं वाचून दाखवलं, आणि पाऊण तासात नवापूरहून दोन होड्या निघाल्या. दिवस कलायच्या आत त्यांनी बाबांची होडी ओढून आणली.

मी किनाऱ्यावर उभा होतो. बाबा गुडघाभर पाण्यात उतरले, ओठ मिठाने पांढरे झालेले. मी त्यांचा हात धरला. आणि त्यांना पाणी हवं का हेही न विचारता मी पहिला प्रश्न काय केला, तर "मला का नाही फोन लावला?"

"तुझा नंबर नव्हता," बाबा म्हणाले. "फोटूवाला फोन तो मेला. डबीत तुझा नंबर नाय."

"आणि त्यांचा होता?"

"त्यांचा झाकणात लिवलेला हाय."

या एका वाक्याने मला किती दिवस झोप लागली नाही ते मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या बापाच्या जिवावर बेतलं तेव्हा त्याच्या हाताशी एकच नंबर होता आणि तो माझा नव्हता. झालेला प्रकार आईला पुढे कळलाच. तिने काकांसाठी भरलेल्या पापलेटांचा डबा पाठवला. तो मी माझ्या हातांनी नेला. त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "सगळ्यांच्या डब्यांत स्वतःचा नंबर कोरून देता. जाहिरात चांगली आहे."

शेठ ऐकत होते. काकांनी भिंगाची नळी डोळ्यावरून काढली.

"बापसाच्या डबीचं झाकण उघडून बघितलंस कधी?" त्यांनी विचारलं.

"मला गरज नाही."

"मग ऱ्हायलं," ते म्हणाले आणि नळी परत डोळ्याला लावली.

त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलायचो. आतून मी रोज त्यांच्याशी भांडत होतो. दुकानात कोणी म्हातारा नाखवा येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा तेव्हा मी कपाटाच्या काचा पुसत राहायचो. वाटायचं, यांच्यात आहे काय असं? दोन शर्ट, एक मोपेड, कानाला साबण. ना बायको ना पोर. वाणगावला मिरचीच्या वाडीत एका खोलीत राहतात, त्या खोलीत कोणी गेलेलं मला ठाऊक नाही. तरी सगळ्या किनाऱ्याच्या घराघरांत यांचा नंबर आहे. मी इतका नीटनेटका, इतका जाणकार, आणि माझा नंबर माझ्या बापाच्या फोनातसुद्धा नाही.

उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. दुकानाला सुट्टी होती. मी घरी अंगणात आईला कोळंबी सोलून देत होतो, म्हणजे मला ते काम लागलं होतं. फोन बाजूला बाकावर ठेवलेला, तो वाजला. अनोळखी नंबर नव्हता, काकांचाच होता. सुट्टीच्या दिवशी यांना माझ्याकडे काय काम? मी ओल्या बोटाने काचेवर ओढलं. फोनला बोट कळलंच नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा नाही. फोन थांबला. परत वाजला. मी बोट शर्टला पुसलं, शर्ट ओला झाला, बोट तसंच. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी नाकाने उचलला. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण नाकानेच उचलला.

बोलत होती एक बाई. "हे डबीवाले काका पडलेत इथं. वाणगाव टेशनाजवल. मी भाजी घेऊन बसतंय. त्यांना बोलता नाय येत नीट. डबीत तुमचा नंबर हाय, म्हनून लावला. तुमी घरचे ना त्यांचे?"

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मोटरसायकलवरून वाणगावला पोचेपर्यंत भाजीवाल्या बाईने त्यांना सावलीत बसवलं होतं, तोंडावर पाणी मारलं होतं. काका भिंतीला टेकून बसलेले, चेहरा राखेसारखा. साखर एकदम उतरली होती, असं डॉक्टर पुढे म्हणाले. मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सलाइन लागली, आणि तासाभराने त्यांनी डोळे नीट उघडले. मला बघून पहिलं काय बोलले?

"तीनदा वाजवला म्हणं तिने. हात ओला होता ना?"

निळी डबी माझ्या हातात होती. बाईने ती उघडीच माझ्याकडे दिली होती, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच कुठल्या डबीचं झाकण आतून बघत होतो. झाकणाच्या वरच्या अर्ध्या भागात काही नव्हतं. कोरी जागा. खालच्या अर्ध्यात, तापलेल्या सुईने कोरलेला, एका रेषेत दहा आकडे. माझा नंबर.

"काका, वर एवढी जागा असताना खाली का लिहिलाय?"

"वरची जागा माझी," ते डोळे मिटून म्हणाले. "फोन बिघडला तर मला लावायचा, म्हणून वर मी माझा लिवून देतो. माझ्याच डबीत माझा नंबर कशाला?"

"आणि खालची?"

"खालची घरच्याची. ती मी कोरत नाय कोणाची. दुसऱ्याच्या घरच्याचा नंबर आपण कोरू नये. घरच्यानेच कोरायचा. सांगून देतो सगळ्यांना, सुई पन देतो बरोबर."

मी पुन्हा झाकणाकडे बघितलं. "मग इथे माझा कोणी कोरला?"

"मीच," काका म्हणाले. "कोरायला दुसरं कोण येणार होतं?"

मग त्यांनीच घाईघाईने सांगून टाकलं, "जास्त काय समजू नको. तुझा फोन कधी हातातून सुटत नाय. दुकानात बघतो ना मी. वाजला की उचलतोस. तेवढ्यासाठी लिवला." आणि मान भिंतीकडे वळवली.

चार वर्षं मी ज्या माणसावर जळत होतो, त्याच्या घरच्या जागी माझा नंबर होता. कधीपासून होता, कोण जाणे. मी विचारलं नाही.

निघताना मात्र एक विचारलं. "बाबांना दिली होती सुई?"

"पहिल्याच दिशी," काका म्हणाले. "म्हटलं, पोराकडून कोरून घे. त्याचा हात चांगला हाय."

घरी आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. मला बघताच त्यांचा हात बाजूच्या फडक्याखाली गेला. मी तो हात पाहिला आणि मला कळलं की गेलं वर्षभर माझी चाहूल लागली की हा हात असाच तिकडे जात असणार.

"डबी द्या," मी म्हणालो.

"टाकू नको," बाबा म्हणाले.

"टाकत नाही. द्या."

त्यांनी फडक्याखालून हिरवी डबी काढली. मी रबर काढलं, झाकण उघडलं. वरच्या अर्ध्यात काकांचा नंबर, एकेक आकडा छापल्यासारखा. खालचा अर्धा भाग कोरा. आणि फोनाच्या बाजूला, बुचाच्या तुकड्यात खोचलेली एक सुई. तिचं टोक अजून चकचकीत होतं, एकदाही न तापलेलं. मी म्हणालो होतो ना, डबी दिसता कामा नये. मग ते ती माझ्यासमोर आणून, यात तुझा नंबर कोर, असं कसे म्हणणार होते? आणि मी तो कोरला असता तर त्या दिवशी समुद्रातून पहिला फोन मला आला असता. वर्षभर माझी जागा रिकामी ठेवून दोन माणसं गप्प बसली होती, आणि मला वाटत होतं की ती कोणीतरी बळकावली आहे.

मी आत जाऊन गॅसवर सुई तापवली. चिमट्यात धरून कोरायला लागलो. प्लॅस्टिकचा जळका वास आला, पहिले तीन आकडे बरे आले, मग सुई घसरायला लागली. सात आडवा झाला, दोन आठ एकमेकांत शिरले, शेवटचे आकडे खाली घसरत गेले. स्वतःचा नंबर इतका वेडावाकडा मी कधी लिहिला नव्हता. बाबा शेजारी उकिडवे बसून बघत होते.

झाल्यावर त्यांनी झाकण हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. मग डोळे मिटून अंगठा आधी वरच्या नंबरावरून फिरवला, मग खालच्या.

"त्यांचा सरळ हाय," बाबा म्हणाले. "तुझा वाकडा आला."

मी मान खाली घातली. या घटकेलासुद्धा मला काकांचा हेवा वाटला, ते लपवत नाही.

बाबांचा अंगठा अजून खालच्या नंबरावरच होता. "वाकडा बरा," ते म्हणाले. "पाणी तोंडावर आलं, डोळ्यांना दिसलं नाय, तरी बोटाला कळंल माझ्या पोराचा कुठला तो." आणि त्यांनी झाकण लावून वर रबर चढवलं.